उलगडणे, चार गुणांसाठी

४ जून

ती. दादास,
सा. न.

पत्र पाहून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. आपल्याकडे पत्र आलं की आधी तेच मनात येतं, म्हणून सांगून टाकलं.

खात्याची भाषेची परीक्षा दिली होती. नापास झाले. चाळीस लागतात, अडतीस मिळाले. बावन्नाव्या वर्षी नापास होणं शाळेतल्यापेक्षा सोपं असतं, कोणी छडी मारत नाही. फक्त जेवणाच्या सुट्टीत सगळे फार प्रेमाने बोलतात.

ही परीक्षा कशाला, तर आमच्या मोठ्या बाई महिनाअखेर निवृत्त होतायत. मुख्य जो होईल त्याला वरती अहवाल लिहावे लागतात, म्हणून भाषा आली पाहिजे असा नियम. तीस वर्षं मी वणव्यावर उतरणाऱ्या माणसांच्या पॅराशूटच्या घड्या घालतेय. खोलीत मी सगळ्यांत जुनी. मी नापास, म्हणून जागा जाणार भांडारातल्या माणसाकडे. तो पास आहे. त्याला आम्ही कुलूप म्हणतो, कारण दिसेल त्याला तो ते लावतो. त्याने आयुष्यात स्वतःच्या रुमालाची घडी घातली असेल तर मी नाव बदलीन.

तू परीक्षा मंडळावर आहेस, म्हणून विचारते. गुणपत्रिकेवर प्रत्येक प्रश्नाचे गुण वेगळे दिलेत. चौथ्या प्रश्नाला चारपैकी शून्य आहे. प्रश्न होता : ‘उलगडणे – अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.’ हा एकच प्रश्न मला पेपरात नीट येत होता. मी काय लिहिलं ते आठवून खाली देते.

‘उलगडणे म्हणजे घातलेली घडी, ज्या क्रमाने घातली त्याच्या उलट क्रमाने मोकळी होणे. उघडणे वेगळे. दार एका झटक्यात उघडते. पॅराशूट तसे उघडले तर कापड फाटते, नाहीतर माणसाची पाठ मोडते. पसरणे वेगळे. टेबलावर आम्ही कापड पसरतो, तेव्हा ते आमच्या हातात असते. उलगडते ते हवेत, आणि तेव्हा आम्ही तिथे नसतो. शेवटची घडी आधी सुटते, पहिली शेवटी. म्हणून घडी घालणाऱ्याने उलटे मोजायला शिकावे. घडी बंद करण्यासाठी नसते, हळू सुटण्यासाठी असते. वाक्य : पॅराशूट नीट उलगडले म्हणून माणूस आपल्या पायांनी घरी गेला.’

यात चूक कुठे, एवढंच सांग. वहिनींना नमस्कार.

तुझी
चिमणी


१२ जून

चि. चिमणीस,
अ. आ.

पत्र मिळालं. तू बावन्न वर्षांची झालीस हे वाचून वाईट वाटलं. माझा हिशेब एकोणपन्नासवर थांबला होता.

तू विचारलंस म्हणून सांगतो, समजुतीसाठी नाही. आदर्श उत्तर असं आहे : ‘उलगडणे – स्पष्ट होणे, कळणे. वाक्य : गुरुजींनी कवितेचा अर्थ उलगडून दाखवला.’ दोन ओळी. दोन गुण अर्थाला, दोन वाक्याला. बावीस वर्षं हा शब्द विचारला जातो आणि बावीस वर्षं हे उत्तर आहे. ते कोणी लिहिलं ते महत्त्वाचं नाही. मी लिहिलं.

आता तुझं उत्तर. एक वाक्य मागितलं, तू पानभर दिलंस. अर्थ मागितला, तू कामाची कैफियत दिलीस. उघडणे आणि पसरणे कोणी विचारलं नव्हतं. भाषेच्या पेपरात हवामान, पाठीची हाडं आणि कापड आणणं म्हणजे सासरच्या लग्नात माहेरचं रडगाणं. आणि उत्तराखाली चित्र काढायची पद्धत कुठल्या शाळेतली? भाषेत चित्र लागलं की समजावं, शब्द संपले.

परीक्षक जो कोणी असेल, त्याने कर्तव्य केलं. उत्तरपत्रिकेवर नुसता क्रमांक असतो, त्यामुळे कुणाचं कुणाशी काही नसतं. परीक्षकाचं काम तपासणं. समजून घ्यायला बसलो तर एका मोसमात वीस पेपरसुद्धा व्हायचे नाहीत.

पुढच्या वर्षी पुन्हा बस. मी तुला उत्तरांची वही पाठवीन. पाठ कर.

तुझा
दादा


१९ जून

दादा,

चित्राबद्दल मी तुला लिहिलं नव्हतं.

माझं पत्र काढून बघ. उत्तर लिहिलंय, चित्राचं नाव नाही. मीच विसरले होते. तुझं पत्र वाचल्यावर आठवलं की हो, मी खाली घडीचे सात टप्पे काढले होते आणि बाणाने उलटा क्रम दाखवला होता.

म्हणजे ‘परीक्षक जो कोणी असेल’ तो तूच. प्रश्न तुझा, आदर्श उत्तर तुझं, तपासणी तुझी. गुरुजींनी कवितेचा अर्थ उलगडून दाखवला, ते गुरुजीही तूच असणार. त्या कवितेचं तेवढं बघ, तीही तुझीच नसेल ना.

आणि माझं अक्षर तू ओळखलं नाहीस? आई गेल्यावर तुझ्या घरी वाढले. तूच पट्टी घेऊन शेजारी बसायचास. माझ्या ‘र’ची शेपटी तुझ्या ‘र’ची आहे. ओळखलं नसशील तर डोळे तपास. ओळखलं असशील तर बाकीचं तपास.

मी फेरतपासणीला अर्ज केला. उत्तर आलं की फक्त बेरीज तपासतात. बेरीज बरोबर आहे. शून्य बरोबर मिळवलंयस.

चिमणी


२७ जून

चि. चिमणीस,

टोमणे पोचले. तुझी भाषा पेपरापेक्षा पत्रात बरी आहे.

अक्षर तिसऱ्या ओळीला ओळखलं. नियम असा की नातेवाइकाचा पेपर समोर आला तर मंडळाला कळवून बाजूला ठेवायचा. गठ्ठ्यात एकशे ऐंशी पेपर होते. एकासाठी पत्रव्यवहार कोण करणार? मी ठरवलं, या माणसाला कुठेही झुकतं माप मिळता कामा नये. उद्या कोणी म्हणालं, आपला तो बाब्या, तर चौतीस वर्षांचं काम पाण्यात. म्हणून जिथे शंका आली तिथे गुण कापले. माझ्या मुलाला मी बारावीला नापास केलं होतं. तो अजून बोलत नाही, पण कोणी बोटही दाखवू शकत नाही.

याला सचोटी म्हणतात. तुला कळायला वेळ लागेल.

कुलूप म्हणतेस तो माणूस पास झाला, कारण त्याने विचारलं तेवढंच लिहिलं. असा माणूस अहवालाला चांगला.

दादा


५ जुलै

दादा,

एकच प्रश्न. एका वाक्यात उत्तर दे. पूर्ण गुण मिळतील.

तेच उत्तर परक्याने लिहिलं असतं तर किती दिले असतेस?

तोवर इकडची हकीकत. मोठ्या बाई गेल्या. कुलपाने सोमवारी ताबा घेतला. आल्या आल्या खोलीतून फिरला, हात मागे बांधून, प्रदर्शन बघितल्यासारखा. आमच्याकडे नियम आहे, वापरलेलं नसलं तरी प्रत्येक पॅराशूट चार महिन्यांनी उलगडायचं, टांगून वारा द्यायचा, पुन्हा घडी घालायची. मी एकाचं सील तोडत होते.

‘हे वापरलंय?’

‘नाही.’

‘मळलंय?’

‘नाही.’

‘मग उलगडताय कशाला?’

‘परत घडी घालायला.’

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसा तू माझ्या उत्तराकडे पाहिला असशील. दुसऱ्या दिवशी भिंतीवर कागद : ‘सील शाबूत असलेले संच उलगडू नयेत. श्रमाचा अपव्यय टाळावा.’ एकच वाक्य, दादा. शुद्ध. तू दहापैकी दहा दिले असतेस.

रॅकवर पॅराशूटचे चौसष्ट संच आहेत. या महिन्यात त्यांची मुदत भरते. प्रत्येकाच्या कार्डावर घडी घालणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही असते. ती कार्डं तो आमच्याकडून सही करून मागतोय, ‘तपासले’ म्हणून. सील बघून. बाहेरून. म्हणजे उंटावर बसून शेळ्या हाकायच्या, आणि शेळ्या म्हणजे माणसं, हजार मीटरवरून खाली येणारी.

मी सही केली नाही.

चिमणी


१४ जुलै

चि. चिमणीस,

परक्याचा प्रश्न गैरलागू आहे. परक्याने ते लिहिलं नसतं.

नोकरीत वरिष्ठांशी वाद घालून काय मिळवणार आहेस? सील शाबूत आहे म्हणजे आतलं शाबूत आहे, असं समजायला माणसाने तर्कशास्त्र शिकलेलं असावं लागत नाही. तुझ्या खोलीतला माणूस अगदीच मूर्ख वाटत नाही. सही करून टाक. वर्षभराने परीक्षा दे, मुख्य हो, मग हवं ते उलगड.

मंडळाला लिहायचं तर मला असं लिहावं लागेल की मी नातेवाईक ओळखला आणि कळवलं नाही. तू हे मागत नाहीयेस असं मी गृहीत धरतो.

दादा

(चिमणे, हे पत्र मी टपालात टाकायला नेतेय म्हणून पाठीवर चार ओळी. तुझी उत्तरपत्रिका मंडळाकडे परत गेली, पण तुझं पहिलं पत्र यांनी शब्दकोशात घालून ठेवलंय. परवा हे बाहेरच्या खोलीत बसून रुमालाची घडी घालत होते आणि उलटी मोजत होते. मी आले तर नाक पुसलं. तुझी वहिनी.)


२२ जुलै

दादा,

मी मागतेय. तेच मागतेय. तुला कळलं नसेल म्हणून शब्द सुटे करून लिहिते : मंडळाला लिही.

सही न केल्यामुळे मला घडीच्या टेबलावरून उठवलंय. भांडारात बसते. बकल मोजते. पन्नासाच्या पिशव्या करायच्या आणि तोंड बांधायचं. कुलूप जाता येता विचारतो, ‘जमतंय ना, बाई?’ जमतंय. इथे काहीच उलगडावं लागत नाही.

बाकीच्या आठ जणांपैकी सात जणांनी सह्या केल्या. मी त्यांना बोल लावत नाही. आठव्याने पोट दुखतंय सांगून रजा काढली. चौसष्टांपैकी साठांवर ‘तपासले’ लिहून झालंय. वणव्याचे दिवस आले की हे संच माणसांच्या पाठीवर चढतील. ती माणसं कार्ड वाचतात, दादा. चढण्याआधी सही बघतात. सही ओळखीची निघाली तर हसतात. बस, त्यांची एवढीच तपासणी.

तू म्हणतोस, सील शाबूत म्हणजे आतलं शाबूत. सील माणूस लावतो. त्याच माणसाने आत घडी घातलेली असते. त्याच्याच चुकीवर त्याचंच सील. हे कळायला तर्कशास्त्र लागत नाही, एक दिवस टेबलाशी उभं राहावं लागतं.

तू चौतीस वर्षांत किती पेपर तपासलेस मला माहीत नाही. एकदा लावलेलं सील किती वेळा तोडून पाहिलंस ते सांग. मुलाचंही सांग.

माझ्यासाठी लिहू नकोस. माझी दया तुला यायची नाही आणि मला पचायची नाही. चूक झाली म्हणून लिही. आणि लिहायचं नसेल तर ‘सचोटी’ हा शब्द पुढच्या पेपरात घाल, अर्थ सांगून वाक्यात उपयोग कर, आणि स्वतःच तपास.

चिमणी


९ ऑगस्ट

चि. चिमणीस,

मंडळाला कळवलं. तीन ओळी लिहिल्या. जास्त लिहिण्यासारखं नव्हतं.

तुझा पेपर दुसऱ्या परीक्षकाकडे जाईल. तो नव्याने तपासेल. कोण ते मला माहीत नाही आणि असतं तरी सांगितलं नसतं.

परक्याला मी दोन दिले असते. वाक्याचे. अर्थाचे दिले नसते, कारण अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता.

उत्तर लिहू नकोस. तुझं अक्षर पाहून सध्या त्रास होतो.

दादा


१४ सप्टेंबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी लिहितेय हे यांना ठाऊक नाही. यांनी तुला कळवलं नसणार, म्हणून मी.

मंडळाने यांचं नाव परीक्षकांच्या यादीतून काढलं. त्या तीन ओळींमुळे. बैठकीला बोलावलंसुद्धा नाही, छापील पत्र पाठवलं. रिकाम्या जागेत नाव हाताने भरलेलं, तेही चुकवलेलं. यांनी लाल पेनाने ते दुरुस्त केलं आणि पत्र फाइलला लावलं.

आता गठ्ठे येत नाहीत. सकाळी टेबलाशी बसतात, सवयीने. वर्तमानपत्रातल्या चुका काढतात आणि संपादकाला पाठवतात. संपादकाची दया येते.

तुझ्यावर राग नाही. मला तर बरं वाटलं. चौतीस वर्षं घरात परकी माणसं गठ्ठ्याने येऊन बसायची. पण तू ये, नाहीतर यांना बोलाव. मी बोलले की हे व्याकरण तपासतात.

काल यांनी मुलाला फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. एवढंच सांगते, जास्त विचारू नकोस.

वहिनी


२९ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न.

अक्षर पाहून त्रास झाला तर वहिनींकडून वाचून घे.

निकाल आला. त्रेचाळीस. पास. चौथ्या प्रश्नाला नव्या परीक्षकानेही शून्यच दिलंय, बाजूला लाल अक्षरात लिहिलंय : ‘विषयांतर’. पाच गुण वाढले ते निबंधाला. विषय होता ‘माझा आवडता छंद’. मला छंद नाही. मी मार्गदर्शकातला बागकामाचा निबंध पाठ करून लिहिला होता, गुलाबाच्या कलमांसकट. तू त्याला सहा दिले होतेस. त्याने अकरा दिले. तेवढ्यापुरती तुझी तपासणी चांगली होती, हे कबूल करते.

म्हणजे गुलाबांच्या जिवावर मी मुख्य झाले. कुलूप भांडारात परत गेला. जाताना म्हणाला, ‘तुमची ओळख आहे म्हणे मंडळात.’ मी म्हटलं, ‘होती.’

वहिनींनी तुझ्या यादीचं कळवलं. तू कळवलं नाहीस. ते तुझ्या स्वभावाला धरून झालं. आभार मानत नाही, तुलाही ते शोभायचे नाहीत. गुरुवारी मात्र ये. टेबल चाळीस फुटांचं आहे आणि आठवा माणूस अजून पोटदुखीच्या रजेवर आहे. कापड ताणताना दुसऱ्या टोकाला धरणारा लागतो. धरायचं आणि गप्प बसायचं. पहिलं जमेल.

आता मुख्य गोष्ट. ती तुलाच सांगायची होती.

पहिल्या दिवशी मी भिंतीवरचा कागद काढला आणि सगळ्यांना सांगितलं, चौसष्टच्या चौसष्ट उलगडायचे. कुरकुर झाली. सात जणांनी माना खाली घातल्या, कारण ‘तपासले’वर त्यांच्या सह्या. मी भाषण दिलं. मोठं दिलं. डोळे मिटून सही करणाऱ्यांबद्दल जे जे मनात होतं ते सगळं बोलले. तू असतास तर शेवटची पाच वाक्यं कापली असतीस.

बावन्न संच ठीक निघाले. त्रेपन्नावा टेबलावर घेतला. त्यात दोऱ्यांची जुडगी रबराने बांधलेली असतात, एक एक वेढा. एक वेढा असला की ओढ बसताच सुटतो. पाचव्या जुडग्याला दोन वेढे होते. दोन असले की कदाचित सुटतात. त्यात उकाड्याने रबर चिकटलं होतं. मी ओढलं, सुटलं नाही. दोन्ही हातांनी ओढलं, तेव्हा तुटलं.

मी म्हटलं, कार्ड आणा. आवाज चढलेलाच होता.

एकीने कार्ड आणलं आणि माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं. तपासणीची सही तिची होती, जुलैतली. घडीची सही माझी होती. नऊ मार्च.

त्या दिवशी काय झालं होतं ते आठवत नाही. काही झालं नसेल. रोजच्यासारखा दिवस असेल, हात आपोआप चालत असतील. मुदतीप्रमाणे जुलैत मीच ते उलगडलं असतं, हे खरं आहे. ते मी कोणाला म्हटलं नाही.

माझं भाषण त्यांनी मलाच ऐकवायला हवं होतं. मी सगळ्यांना जवळ बोलावलं, तुटलेलं रबर दाखवलं, नोंदवहीत लिहिलं, आणि वर साहेबांना कळवलं. महिनाभर माझी प्रत्येक घडी दुसऱ्याने उलगडून बघायची, असा नियम लावला. तो लावणारी मुख्य मीच, म्हणून विरोध झाला नाही.

आज संध्याकाळपर्यंत एकोणसाठ झाले. पाच उरलेत. त्यातल्या दोनांवर माझी सही आहे. ते उद्या सकाळी, सगळे आले की घेऊ.

तुझी
चिमणी